चकतीवरचा आकडा

१९९५ च्या डिसेंबरात इन्फोमॅजिक या अमेरिकी कंपनीने लिनक्स या संगणक-प्रणालीच्या सीडींचा नवा संच विक्रीला काढला. इंटरनेटवरच्या सर्व्हरांवरून लिनक्सच्या निरनिराळ्या डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार जुळण्या, उतरवून घ्यायच्या, सीडीवर छापायच्या आणि टपालाने विकायच्या, हा तेव्हा रीतसर धंदा होता. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट नव्हतं त्यांना या सीडींचा मोठा आधार होता. त्या संचात डेबियनही होतं आणि त्याची आवृत्ती दिली होती १.०. पण डेबियनच्या मंडळींनी १.० काढलंच नव्हतं. पुढच्या आवृत्तीचं काम सर्व्हरवर जिथे चालू होतं, तिथल्या अर्धवट फायली कंपनीने उचलल्या होत्या. ती डिस्ट्रो धड चालतही नव्हती.

सीडी गिऱ्हाइकांच्या हातात पडल्या होत्या, त्या परत बोलावणं अशक्य होतं. आता डेबियनने आपलं खरं १.० काढलं असतं, तर एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू जगात फिरल्या असत्या, त्यातली एक मोडकी. म्हणून त्यांनी १.० हा आकडाच सोडून दिला. जून १९९६ मध्ये डेबियनची पहिली पूर्ण आवृत्ती आली ती १.१ म्हणून, 'बझ' या टोपणनावाने. हे टोपणनाव 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्राचं. डेबियनचे तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स हे तो चित्रपट काढणाऱ्या पिक्सार कंपनीत काम करत. तेव्हापासून काम चालू असलेल्या आवृत्तीच्या फोल्डरला आकडा न देता टोपणनाव द्यायची रीत पडली. आकडा ठेवायचा तो तयार मालाला. आजही डेबियनच्या इतिहासात १.० नावाची आवृत्ती नाही.

लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळांना इन्स्टॉलेशनच्या फाइलीवरचा हा आकडा निव्वळ ओळखीपुरता वाटतो. माझ्या मते तो त्याहून फार मोठा आहे. इंटरनेटवरून रोज अपडेट होणाऱ्या प्रणालीत चूक झाली तर ती संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन सगळीकडे पोचते. इन्स्टॉलेशनची चकती मात्र एकदा हातातून सुटली की सुटली. ती कोणाच्या कपाटात किती वर्षं राहील आणि कोणत्या यंत्रात जाईल हे काढणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे त्यावर आकडा घालणं म्हणजे अनोळखी माणसाला शब्द देणं आहे. हा शब्द भारतात हजारो लोकांपर्यंत पहिल्यांदा कसा पोचला, ती गोष्ट बेंगळुरूची आहे आणि तिच्यात बेळगावही आहे.

अतुल चिटणीस यांचा जन्म १९६२ चा, जर्मनीतला. अभियांत्रिकीचं शिक्षण मात्र बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झालं आणि पुढचं आयुष्य बेंगळुरूत गेलं. इंटरनेट सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं त्या काळात त्यांनी बेंगळुरूत सीआयएक्स नावाचा बुलेटिन बोर्ड चालवला. लोक मोडेमने फोन लावायचे, आणि निरोप व फायली यांची देवाणघेवाण करायचे. याच काळात ते सायबरमीडिया या प्रकाशनसंस्थेच्या 'पीसीक्वेस्ट' मासिकाशी सल्लागार संपादक म्हणून जोडले गेले. १९९६ साली या मासिकाने चिटणीसांच्या पुढाकाराने एक धाडस केलं. अंकाबरोबर लिनक्सची अख्खी सीडी वाचकांना दिली. पहिली सीडी स्लॅकवेअर या डिस्ट्रोची होती.

याचं मोल कळायला थोडा हिशेब मांडावा लागेल. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हाच्या सीडीत साधारण ६५० मेगाबाइट मजकूर मावायचा. २८.८ केबीपीएसचा मोडेम एकदाही न अडखळता पूर्ण वेगाने चालला, तरी तेवढी फाइल उतरायला ५० तासांहून जास्त लागतील. एवढा वेळ फोनची लाइन न तुटता चालू राहणं तेव्हा जवळपास अशक्य होतं. शिवाय फोनचं बिल वेगळं आणि इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे. फुकट मिळणारी प्रणाली भारतातल्या विद्यार्थ्याला परवडत नव्हती ती अशी. रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या मासिकाने हा खर्च अंकाच्या किमतीत बसवला.

पुढची अनेक वर्षं ही सीडी येत राहिली. स्लॅकवेअरनंतर रेड हॅटवर आणि त्याहीनंतर फेडोरावर आधारलेली, मासिकाने स्वतः जुळवलेली डिस्ट्रो 'पीसीक्यूलिनक्स' या नावाने दिली जाऊ लागली. तिच्या नावातले आकडे बघण्यासारखे आहेत. ७.१, ८.० असे आधी आकडे आले ते रेड हॅटच्या चालीवर, म्हणजे मूळ कोणत्या आवृत्तीवर हे उभं आहे ते सांगणारे. नंतर पीसीक्यूलिनक्स २००४, २००५ अशी सरळ वर्षंच नावात आली. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. गावातल्या वाचकाला मूळ डिस्ट्रोची कितवी आवृत्ती आहे यापेक्षा आपल्या हातातली सीडी कोणत्या सालची आहे हे कळणं जास्त उपयोगाचं होतं.

या सीडीचा आणखी एक परिणाम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. देशभर एकच चकती गेल्यामुळे बेंगळुरूचा इंजिनिअर, सांगलीचा डिप्लोमाचा विद्यार्थी आणि पणजीचा दुकानदार यांच्या यंत्रांवर वर्षभर नेमकी तीच आवृत्ती असायची. सगळ्या राज्यात एकच क्रमिक पुस्तक असलं की कुठल्याही शाळेतला मुलगा कुठल्याही शाळेतल्या मुलाला 'पान ४२ उघड' म्हणू शकतो, तसं हे होतं. साउंड कार्ड चालेना, मोडेम ओळखला जाईना, मॉनिटरवर चित्र फाटकं दिसतं, अशा अडचणींवर एकाने शोधलेला उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडायचा. चकती जुनी होत जायची हे खरं, पण ती सगळ्यांची सारखीच जुनी असायची.

बेंगळुरूत या मंडळींना एकत्र यायला जागाही मिळाली. बेंगळुरू लिनक्स यूजर ग्रूपच्या उत्साही लोकांनी चिटणीस यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये 'लिनक्स बंगळूर' ही परिषद भरवली. पहिली काही वर्षं ती भारतीय विज्ञान संस्थेच्या जे. एन. टाटा सभागृहात भरली. २००५ पासून परिषदेचं नाव फॉस डॉट इन झालं. नुसतं लिनक्स वापरण्यापेक्षा ते घडवणाऱ्यांच्या पंगतीत भारतीयांनी बसावं, असा तिचा रोख होत गेला. शेवटची परिषद २०१२ मध्ये झाली. पुढच्या वर्षी, ३ जून २०१३ रोजी, चिटणीस कर्करोगाने गेले. वय होतं अवघं ५१.

आता चकतीच्या आत जाऊ. आज चकती उरलेली नाही, पण तिचा साचा उरला आहे. आयएसओ नावाची जी फाइल आपण उतरवतो ती म्हणजे सीडीची किंवा डीव्हीडीची हुबेहूब प्रतिमा. तिच्यात सुरुवातीला बूटलोडर असतो, म्हणजे यंत्र चालू होताच ताबा घेणारा छोटा प्रोग्रॅम. तो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि एक लहानशी तात्पुरती प्रणाली मेमरीत चढवतो. त्यावर इन्स्टॉलर चालतो आणि तो फाइलीतलीच पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, हार्ड डिस्कवर मांडतो. सीडीवरून थेट यंत्र सुरू करण्याची एल टोरिटो ही पद्धत १९९५ ची. त्याआधी एक फ्लॉपी यंत्राला जागं करायला आणि सीडी पुढच्या कामाला, अशी जोडी लागायची. त्याहूनही आधी सगळं लिनक्स फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यातच यायचं, आणि मधलीच एखादी फ्लॉपी खराब निघाली की सगळा खटाटोप वाया. पुढे एकच फाइल सीडीवरही चालेल आणि पेनड्राइव्हवरही, अशी युक्ती निघाली. म्हणून आज रुफस, एचर किंवा व्हेंटॉय अशा प्रोग्रॅमने आपण तीच आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर चढवतो.

सीडीच्या आकारमानाने बरीच वर्षं डिस्ट्रोंना शिस्त लावली. ७०० मेगाबाइटमध्ये काय बसवायचं आणि काय गाळायचं यावर कडाक्याचे वाद व्हायचे. उबंटू या डिस्ट्रोने २०१२ च्या ऑक्टोबरात १२.१० काढताना ही मर्यादा सोडली. त्याआधी उबंटूच्या सीडी लोकांना घरपोच, फुकट मिळायच्या. शिपइट नावाची ती योजना २०११ मध्ये बंद झाली. तिने पाठवलेली पाकिटं भारतातल्या किती तरी वसतिगृहांच्या खोल्यांत पोचली होती.

आकडे ठरतात कसे? याबाबत दोन घराणी आहेत. उबंटू तारखेला बांधलेलं आहे. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली म्हणून तिचा आकडा ४.१०, म्हणजे चौथं साल आणि दहावा महिना. दर एप्रिल आणि दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती, आणि दर दोन वर्षांनी एप्रिलात येणारी आवृत्ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी, म्हणजे एलटीएस. २००६ च्या एप्रिलात ६.०४ यायचं होतं. दीर्घकाळ टिकवायच्या या पहिल्या आवृत्तीचं काम पुरेसं पक्कं झालं नव्हतं, म्हणून तिला सहा आठवडे थांबवलं. ती जूनमध्ये आली आणि ६.०६ झाली. उशीर लपवला नाही, तो आकड्यातच नोंदला गेला. मला हे फार आवडतं.

डेबियनचं घराणं दुसरं. तयार होईल तेव्हा येईल, हा त्यांचा बाणा. आवृत्ती येण्याच्या कित्येक महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने गोठवणी सुरू होते. आधी मोठे बदल बंद, मग नवीन पॅकेजेस बंद, आणि शेवटी फक्त गंभीर दोषांच्या दुरुस्त्या चालू. असे दोष आटोक्यात आले की तारीख जाहीर होते. डेबियन १२, टोपणनाव बुकवर्म, १० जून २०२३ ला आलं. डेबियन १३, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला. फेडोरा या दोन्हींच्या मधलं आहे. सहा महिन्यांचं वेळापत्रक असतं, पण आवृत्ती अडवण्याजोगे दोष शिल्लक असले तर बैठक घेऊन तारीख आठवड्याने पुढे ढकलतात. आर्च लिनक्सला तर आवृत्तीच नाही. ते सतत वाहतं राहतं, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या त्याच्या आयएसओ फाइलीवर केवळ तारीख असते.

आकड्यांची चढाओढही झाली आहे. १९९९ मध्ये स्लॅकवेअर ४.० वर होतं आणि इतर डिस्ट्रो ६ पर्यंत गेल्या होत्या. आकडा लहान म्हणून माल जुना, असं गिऱ्हाइकांना वाटू लागलं. तेव्हा स्लॅकवेअरच्या पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी ४.० नंतर थेट ७.० काढलं. मधले ५ आणि ६ कधी झालेच नाहीत. कर्नलचंही असंच. २.६.३९ नंतर लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये ३.० काढलं ते मोठा बदल झाला म्हणून नव्हे, मागचा आकडा फुगत चालला म्हणून. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, हे समीकरण मनातून काढून टाकावं.

नवा माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो टिंबानंतरच्या आकड्याने. डेबियन १२.५ आणि १२.९ यांत काय फरक? पेनड्राइव्हपुरता फरक आहे, चालत्या यंत्रापुरता जवळपास नाही. १२ ही आवृत्ती जून २०२३ मध्ये आली. त्यानंतर साधारण दर दोन महिन्यांनी, तोवर जमा झालेल्या सुरक्षेच्या आणि इतर दुरुस्त्या घालून नवी प्रतिमा काढतात. ज्याने १२.१ चढवून नेमाने अपडेट केलं त्याच्याकडे आणि ज्याने १२.९ चढवलं त्याच्याकडे शेवटी सारखीच प्रणाली असते. फरक एवढाच की दुसऱ्याला चढवल्यावर शेकडो मेगाबाइट अपडेट उतरवावे लागत नाहीत. प्रत्येक टिंबाला डिस्क पुसून पुन्हा इन्स्टॉल करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याची काडीमात्र गरज नाही.

जुना आकडा दिसला की तो असुरक्षित आहे असंही मानू नये. डेबियन बहुतेक पॅकेजेसची जुनीच आवृत्ती ठेवतं आणि नव्या आवृत्तीतली केवळ दुरुस्ती मागे आणून तीत बसवतं. म्हणून पॅकेजच्या आकड्याला शेवटी 'डेब१२यू३' अशी शेपटी दिसते. १२ साठीची ही तिसरी दुरुस्ती, असा तिचा अर्थ.

उबंटूत मात्र टिंबाने खरा फरक पडतो. २४.०४ एलटीएस ६.८ कर्नल घेऊन आलं. फेब्रुवारी २०२५ च्या २४.०४.२ मध्ये कर्नल ६.११ आहे. गेल्या वर्षीचा लॅपटॉप असेल तर जुनी प्रतिमा चालेल. या महिन्यात घेतलेल्या लॅपटॉपचा वायफाय ओळखला जात नसेल, तर दोष लिनक्सचा ठरवण्याआधी आपण कितव्या टिंबाची फाइल वापरतो आहोत ते पाहावं. डेबियनने २०२२ च्या ऑक्टोबरात मतदान घेऊन, वायफाय वगैरेंसाठी लागणारी मुक्त नसलेली फर्मवेअर अधिकृत प्रतिमेतच द्यायचं ठरवलं. १२ पासून ते लागू झालं आणि इन्स्टॉल करतानाच नेटवर्क सापडत नाही ही जुनी डोकेदुखी बरीच कमी झाली.

सुटलेली चकती परत घेता येत नाही, ही अडचण इंटरनेटच्या काळात संपली असं वाटेल. ती संपलेली नाही. २०१७ च्या डिसेंबरात उबंटू १७.१० ची डेस्कटॉप प्रतिमा संकेतस्थळावरून मागे घ्यावी लागली, कारण तिच्यातल्या कर्नलमधला एक ड्रायव्हर लेनोव्हो आणि आणखी काही कंपन्यांच्या विशिष्ट लॅपटॉपचं बायोस बिघडवत होता. म्हणजे नुसती प्रणाली नव्हे, यंत्राचा पायाच. दुरुस्त प्रतिमा १२ जानेवारी २०१८ रोजी आली, १७.१०.१ हा नवा आकडा घेऊन. जुन्याच आकड्याखाली नवी फाइल गुपचूप ठेवली असती तर कोणाच्या पेनड्राइव्हवर घातक प्रत आहे आणि कोणाच्या नाही, हे कोणालाच ओळखता आलं नसतं.

डेबियनवर हीच वेळ डिसेंबर २०२३ मध्ये आली. १२.३ निघायच्या दिवशी नव्या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टिमचा मजकूर बिघडवू शकणारा दोष असल्याचं लक्षात आलं. पॅकेजेस सर्व्हरांवर गेली होती, पण इन्स्टॉलेशनच्या प्रतिमा अजून निघायच्या होत्या. त्या तिथेच थांबवल्या आणि दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त कर्नलसह १२.४ काढलं. १२.३ च्या इन्स्टॉलेशन प्रतिमा आल्याच नाहीत. पाव शतक उलटलं तरी नियम तोच राहिला. बाहेर गेलेला आकडा पुन्हा वापरायचा नाही.

अशा प्रतिमा काढायच्या दिवशी डेबियनचे स्वयंसेवक आपापल्या घरच्या यंत्रांवर त्या एकेक करून चालवून बघतात. कोणी जुन्या बायोसवर, कोणी नव्या यूईएफआयवर, कोणी फक्त स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या आधारे. त्यानंतरच फायली खुल्या होतात. यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, एक जादाचं यंत्र आणि एक शनिवार लागतो. मराठी मुलांनी या कामात उतरावं असं मला मनापासून वाटतं.

मराठीचा इथे आणखी थेट संबंध आहे. डेबियनचा इन्स्टॉलर पहिला प्रश्न भाषेचा विचारतो आणि त्या यादीत मराठी आहे. ती दिसते ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये, कारण देवनागरीतली जोडाक्षरं साध्या टेक्स्ट पडद्यावर नीट मांडता येत नाहीत. प्रत्येक आवृत्तीच्या वेळापत्रकात एक तारीख अशी असते की तिच्यानंतर पडद्यावरची मूळ इंग्रजी वाक्यं कोणी बदलायची नाहीत, म्हणजे अनुवादकांना ती पुरी करायला वेळ मिळेल. ती तारीख हुकली की अर्धी मराठी आणि अर्धी इंग्रजी अशी प्रतिमा निघते आणि तशीच वर्षानुवर्षं फिरत राहते. फेडोरातल्या भारतीय भाषांचं आणि लोहित फॉन्टचं बरंचसं काम रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातून झालं. तरीही स्वयंसेवी अनुवादकांची गरज प्रत्येक आवृत्तीला नव्याने पडते, कारण प्रत्येक आवृत्तीत काही वाक्यं नवी असतात.

उतरवलेली फाइल खरी आहे का, हा शेवटचा प्रश्न, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या डिस्ट्रोच्या संकेतस्थळात हल्लेखोर घुसले आणि त्यांनी १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा दुवा आपल्या फाइलीकडे वळवला. त्या फाइलीत चोरदरवाजा बसवलेला होता. फाइलीचं नाव बरोबर, आकडा बरोबर, इन्स्टॉलही व्यवस्थित व्हायची. फरक फक्त तिच्या ठशात दिसत होता.

हा ठसा म्हणजे चेकसम. एसएचए-२५६ ही पद्धत फाइलीचा प्रत्येक बिट चाळून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ काढते. फाइलीत एक बिट बदलला तरी सगळी ओळ बदलते. डिस्ट्रो ही ओळ फाइलीबरोबर जाहीर करते. तुमच्या यंत्रावर काढलेली ओळ तिच्याशी जुळली, तर फाइल वाटेत बिघडलेली नाही. पण संकेतस्थळच हल्लेखोराच्या हातात गेलं असेल तर तो ओळही बदलू शकतो. म्हणून ओळींच्या त्या यादीवर डिस्ट्रो आपल्या खाजगी किल्लीने डिजिटल सही करते आणि तुम्ही तिच्या जाहीर किल्लीने ती सही पडताळता. लिनक्सवर एसएचए२५६सम आणि विंडोजवर सर्टयूटिल या कमांडने ठसा दोन मिनिटांत काढता येतो.

फाइलीच्या नावातला एक शब्द अनेकांना फसवतो. एएमडी६४ वाचून 'माझं यंत्र तर इंटेलचं आहे' म्हणून लोक ती फाइल सोडून देतात. ६४ बिटांची ही रचना आधी एएमडीने काढली म्हणून नाव ते पडलं. इंटेलच्या आजच्या सगळ्या पीसींना तीच फाइल लागते. ३२ बिटांचं खरोखर जुनं यंत्र असेल तर मात्र सावध राहा. डेबियन १३ ने त्याच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे, अशा यंत्राला १२ चाच आधार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ संपला. त्यामुळे शाळा, ग्रंथालयं आणि लहान कार्यालयं यांत चांगली चालती यंत्रं अडगळीत जायची वेळ आली आहे. त्यांच्यावर लिनक्स चढवायला निघालेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. कोणती डिस्ट्रो, यावर वाद घालण्याआधी तिच्या त्या आवृत्तीचा सांभाळ कधी संपतो ते पाहा. फेडोराची आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते, उबंटू २४.०४ ही २०२९ पर्यंत, आणि डेबियन १२ दीर्घ मुदतीचा सांभाळ धरून जून २०२८ पर्यंत. ज्या शाळेत वर्षातून एकदाच कोणी तरी जाऊन यंत्रं बघणार आहे, तिथे फेडोरा चढवू नका. फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, ठसा जुळवा, आणि पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हातात देण्याआधी त्यावर चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर डिस्ट्रोचं नाव, टिंबासकट पूर्ण आवृत्ती, ३२ की ६४ बिट, उतरवल्याची तारीख आणि सांभाळ संपण्याचा महिना लिहा.